संगणकाचे अज्ञान हसण्यावारी नेऊ नका



गाळप हंगाम आटोपला, की कारखान्यात मशिनरीचे ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर, बॉयलरच्या नळ्या, टर्बाइन सगळे उघडून, तपासून पुन्हा बसवले जाते. परंतु एका ठिकाणाकडे पावसाळ्यात कोणी फिरकत नाही. ते म्हणजे गट ऑफिसातील संगणक आणि त्याच्यापुढे बसणारा आपला माणूस.

परवा आम्ही संगणक विभागातील पोरांशी बोलत बसलो होतो. हंगामातल्या गमती सांगा म्हटले, तर पोरे थांबेचनात. एका गट ऑफिसातून सकाळी सातला फोन आला, "आवो, कॉम्प्युटर मेलाय, लौकर या!" पोरगा ऐन थंडीत मोटारसायकलवरून वीस किलोमीटर गेला. बघतो तर मोबाईल चार्जिंगला लावायला कोणीतरी संगणकाची पिन काढून ठेवलेली. दुसऱ्या ऑफिसात सभासदांची यादी उघडली, ती भलत्याच अक्षरांत. फॉन्ट वेगळा होता, एवढेच. पण फाईल नासली असे समजून लिपिकाने रात्र जागून २०० नावे पुन्हा टाईप केली. आम्हीही पोट धरून हसलो.

तिसरी हकिगत ऐकली आणि हसू जागच्या जागी विरले.

एका सभासदाची आडसाली लागण ८ जुलैची. लिपिकाने आपल्या रीतीप्रमाणे आधी दिवस, मग महिना टाकला. त्या संगणकात मात्र आधी महिना, मग दिवस अशी मांडणी राहून गेली होती. ८ जुलैची झाली ७ ऑगस्ट. महिने बाराच असल्यामुळे १३ तारखेपासूनच्या लागणी यंत्र घेईना; त्या लिपिकाने उलटसुलट करून कशाबशा बसवल्या. पहिल्या बारा तारखांच्या नोंदी मात्र मुकाट्याने चुकीच्या बसल्या. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरतो, हे आपणांस सांगायला नको. त्या सभासदाचा ऊस महिनाभर मागे पडला, तुरा आला, वजनात मार बसला. तो हातात नोंद पावती घेऊन भांडायला आला, तेव्हा कुठे चूक उघडकीस आली.

लिपिकाला विचारले, तारखा उलट्या कराव्या लागल्या तेव्हा शंका आली नाही का? तो म्हणाला, "आल्ती की. पण मागं एकदा काय तरी इचारलं, तवा समदं ऑफिस हसलं. पुन्हा कशाला त्वांड उघडा?"

हे उत्तर आम्हाला झोंबले. चूक अज्ञानाने झाली खरी, पण ती लपून राहिली हसण्यामुळे. आणि तूट कोणाच्या खात्यावर पडली? हसणाऱ्यांच्या नव्हे, सभासदाच्या.

वीस-वीस वर्षे नोंद रजिस्टर चोख ठेवलेली ही माणसे आहेत. वाटेवरून फड बघून टनेजचा अंदाज सांगतील. त्यांना अडाणी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. उलट, संगणक विभागात नव्याने आलेल्या एका पोराने विचारले होते, "खोडव्याची लागण तारीख रिकामी का?" त्या वेळी त्याच लिपिकाने न हसता सांगितले, की खोडव्याला लागण नसते, आधीचा ऊस तुटला ती तारीख धरायची. जो न हसता शिकवतो, त्याला हसून गप्प बसवणे ही कुठली रीत?

आपणही आपल्याकडे बघावे. २०२१ पासून सातबाऱ्यावरील पीक पाहणी आपल्याच मोबाईलवरून नोंदवायची वेळ आली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी शेजारच्या पोराला हाक मारली?

संगणक आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणेची सहकारी चळवळ यांनी मिळून खर्च उचलला. गावोगावी संगणक केंद्रे झाली आणि ऊसविषयक कामे त्यांवर होऊ लागली. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी त्यांपैकी ७ गावांत ८ महिने तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडले. आम्ही यातून एवढाच बोध घेतो, की हत्यार हाताला बसणारे असेल तर आपला माणूस ते चालवतो. ते बसत नसेल, तर दोष दर वेळी हाताचाच नसतो.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. तारखेच्या रकान्यात महिना आकड्याने नव्हे, नावाने यावा. जुलै लिहिले की ऑगस्ट होत नाही. प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवावी आणि आलेली प्रत्येक अडचण तीत लिहावी. एकच अडचण तीनदा आली, तर माणसाला रागे न भरता शिकवण्याची पद्धत बदलावी. पावसाळ्यात दोन दिवस प्रत्येक गटात मराठीतून शिकवणी घ्यावी, आणि तीही आपल्याच नोंदींवर. कोणाकडे परीक्षेचे प्रमाणपत्र आहे म्हणून त्याला वगळू नये. पासवर्ड ज्याचा त्याचा असावा. भिंतीवर चिकटवलेला एकच पासवर्ड पाच जण वापरू लागले, तर उद्या कोणाची लागण तारीख कोणी पुढे ओढली, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि संगणक विभागात माणसे वाढवावीत. एका पोराच्या गळ्यात अनेक ऑफिसे बांधली, तर तो शिकवणार कधी? बटण दाबून पुढच्या फोनला पळणार.

सभासदांचेही काम आहे. नोंद पावती घरी नेऊन तुळईवर खोचून ठेवू नका. लागणीची तारीख, जात, क्षेत्र आणि बँक खात्याचा आकडा तिथेच उभे राहून वाचा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण खात्याचा एक आकडा चुकला, तर आदेश काय करणार? वाचता येत नसेल तर वाचून मागा. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या अग्निप्रदीपनाला अवकाश आहे. बॉयलरची गळकी नळी आपण हसून सोडून देत नाही, ती वेळीच बदलतो. "मला हे येत नाही, दाखवा" असे निर्धास्तपणे म्हणता येईल असे ऑफिस या पावसाळ्यात घडवावे, असे आम्हास वाटते. त्याला पैसा थोडा लागेल. मोठेपणा बाजूला ठेवावा लागेल, तो मात्र सगळ्यांनाच.