रक्तात ‘स्टॅफ’ सापडला, पण कोणता?

रक्ताच्या कल्चर तपासणीत ‘स्टॅफ’ जिवाणू आढळले, एवढ्या माहितीवर उपचार ठरवता येत नाहीत. स्टॅफिलोकॉकस हे आडनाव झाले. त्याखाली अनेक प्रजाती येतात आणि प्रतिजैविकांना तोंड देण्याची प्रत्येकीची ताकद वेगळी असते.

या कुटुंबातील सर्वांत घातक सदस्य म्हणजे ‘ऑरियस’. साध्या गळवापासून न्यूमोनिया आणि रक्तातील संसर्गापर्यंत त्याची मजल जाते. १९५९मध्ये मेथिसिलिन हे औषध वापरात आले आणि १९६१मध्येच त्याला न जुमानणारा ऑरियस इंग्लंडमध्ये नोंदला गेला. तोच आजचा ‘एमआरएसए’.

त्वचेवर वस्ती करणारा ‘एपिडर्मिडिस’ एरवी निरुपद्रवी असतो. मात्र शिरेत घातलेली नळी किंवा हृदयाची कृत्रिम झडप यांवर तो चिकट थर तयार करतो आणि तेथून रक्तात शिरतो. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा अभ्यास झाला. त्यात मेथिसिलिनला दाद न देणारे नमुने ऑरियसमध्ये ३८ टक्के होते, तर एपिडर्मिडिस ज्या कोॲग्युलेज-निगेटिव्ह गटात मोडतो, त्या गटात ६१ टक्के! म्हणजे कमी घातक मानले जाणारे भाऊबंदच औषधांना अधिक निर्ढावलेले होते.

याचे कारण त्यांच्या राहणीत आहे. त्वचेवरील या जिवाणूंवर रुग्णालयात प्रतिजैविकांचा सतत मारा होतो आणि त्यातून तगणारेच उरतात. मेथिसिलिन निष्प्रभ करणारे ‘मेक-ए’ हे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर असते. ऑरियसला ते अशाच नातलगांकडून मिळाले असावे, असे संशोधक मानतात.

उलट उदाहरणही आहे. ‘लुग्डुनेन्सिस’ ही प्रजाती हृदयाच्या झडपांवर ऑरियसइतकाच जबर हल्ला करते. पण तिच्यावर साधे पेनिसिलिनही अनेकदा लागू पडते. थोडक्यात, घातकपणा आणि औषधांना न जुमानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणूनच प्रयोगशाळेने प्रजातीचे नाव अचूक सांगणे महत्त्वाचे. मेथिसिलिन गटाच्या औषधाची चाचणी वाचण्याचे निकषही प्रजातीनुसार बदलतात. ऑरियसचा निकष एपिडर्मिडिसला लावला, तर निरुपयोगी औषध उपयोगी ठरू शकते. दुसरीकडे, रक्त घेताना त्वचेवरचा एपिडर्मिडिस बाटलीत गेला आणि तोच संसर्ग समजला, तर व्हँकोमायसिनसारखे राखीव औषध विनाकारण दिले जाते. शक्य तेव्हा दोन वेगळ्या जागांहून नमुने घेतल्यास ही गफलत टळते.

नवी प्रतिजैविके येण्याचा वेग मंद आहे. तोवर त्वचा नीट निर्जंतुक करून नमुना घेणे, प्रजाती ओळखणे आणि हात धुणे, हे साधे उपायच हाताशी असलेली औषधे टिकवतील.