हुकूम होता नष्ट करण्याचा

४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील संगमरवरी सभागृहात ‘नोस्फेरातू’चा बर्लिनमधला पहिला खेळ झाला. शंभराहून अधिक वर्षं उलटली. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा हा मूकपट भयपटांच्या घराण्यातला मूळपुरुष मानला जातो, आणि त्याच्या निर्मितीभोवती जमलेल्या दंतकथाही त्याच्याइतक्याच चिवट निघाल्या. सर्वांत लोकप्रिय दंतकथा अशी, की काउंट ऑर्लोकची भूमिका करणारा माक्स श्रेक नट नव्हताच. तो खराखुरा रक्तपिपासू होता. त्याच्या आडनावाचा अर्थच जर्मन भाषेत ‘भय’, त्यामुळे ते बनावट असावं असंही लोकांना वाटे. २००० साली ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ने याच कल्पनेवर कथानक रचलं. त्यातल्या श्रेकच्या भूमिकेसाठी विलेम डफोला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि गंमत म्हणून मांडलेली गोष्ट अनेकांच्या मनात इतिहास होऊन बसली.

खरा श्रेक १८७९ साली बर्लिनमध्ये जन्मला. आडनाव त्याचं स्वतःचंच. नाट्यशिक्षण घेऊन तो माक्स राइनहार्टसारख्या दिग्दर्शकाच्या हाताखाली घडला आणि पुढे म्युनिकच्या रंगभूमीवर रमला. त्याची पत्नीही अभिनेत्री होती. फेब्रुवारी १९३६मध्ये शिलरच्या ‘डॉन कार्लोस’मध्ये तो एका सहकाऱ्याच्या जागी उभा राहिला, प्रयोग पार पाडला आणि दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने गेला. आयुष्यभर रंगमंचाची चाकरी करणाऱ्या माणसाची ही हकिकत आहे. दंतकथेने त्याच्यावर मोठा अन्याय केला. ती ताठ मान, अंगाला चिकटलेले हात, पावलं उचलल्याचा भासही होऊ न देणारी संथ चाल, हे सगळं त्याने शरीर घोटून कमावलं होतं. त्याचं श्रेय आपण एका पिशाचाला देऊन मोकळे झालो.

चित्रपट काढणारी कंपनी नवखी होती. नाव ‘प्राना’, म्हणजे आपल्याकडचा ‘प्राण’च. तिचा एक संस्थापक आल्बिन ग्राऊ गूढविद्येचा उपासक होता. चित्रपटातली नेपथ्यं, वेशभूषा आणि ऑर्लोकचं रूप त्याच्याच कल्पनेतून आलं. पहिल्या महायुद्धात एका सर्बियन शेतकऱ्याने आपल्याला पिशाच झालेल्या बापाची गोष्ट सांगितली आणि तिथून हा चित्रपट सुचला, असं ग्राऊने प्रदर्शनाआधी छापून आणलं होतं. जाहिरातीसाठी ते छानच होतं. पण चित्रपट सुचला होता ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून, आणि हक्क कोणी विकत घेतले नव्हते. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला, हार्करचा हुटर झाला, लंडनच्या जागी विसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन गाव आलं. मुर्नाऊला ही युक्ती नवी नव्हती. १९२०मध्ये त्याने स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइडची कथा अशीच नावं बदलून पडद्यावर आणली होती.

स्टोकर १९१२मध्ये वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स हिच्या हाती बर्लिनच्या त्या पहिल्या खेळाची कार्यक्रमपत्रिका पडली आणि तिने दावा लावला. चित्रपटाच्या इतिहासात फ्लॉरेन्सबाईंना बहुधा खलनायिका केलं जातं. ते मला मुळीच मान्य नाही. नवऱ्याची ती कादंबरी हा तिच्या उत्पन्नाचा आधार होता, आणि त्या कादंबरीवर चित्रपट बेतल्याची कबुली खुद्द चित्रपटाच्या जर्मन श्रेयनामावलीत दिलेली होती. चोरी ती चोरीच. कलाकृती थोर निघाली म्हणून ती धुऊन निघत नाही. पण खटला चालू असतानाच प्राना कंपनीचं दिवाळं वाजलं. भरपाई देणार कोण? शेवटी १९२५मध्ये निकाल लागला तो असा, की चित्रपटाच्या सगळ्या प्रती आणि निगेटिव्ह नष्ट करा. फ्लॉरेन्सचं देणं यातून फिटलं नाही. शिक्षा भोगायची ती एकट्या कलाकृतीने. न्याय मागणारी बाई बरोबर होती आणि तिला मिळालेला न्याय चुकीचा होता, असं माझं मत आहे.

इथे दुसरी दंतकथा सुरू होते. कुणीतरी एकमेव प्रत लपवून ठेवली आणि चित्रपट वाचला, असं सांगतात. प्रत्यक्षात निकाल लागेपर्यंत प्रती परदेशी पोहोचल्या होत्या. देशोदेशी त्या वेगवेगळ्या कापल्या गेल्या, शीर्षकं बदलली, पात्रांची नावं बदलली. एकाच पोथीच्या पाठभेद झालेल्या नकलांसारखी त्यांची अवस्था होती. म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयातल्या एनो पाताल्सने १९८०च्या दशकात त्या जुळवून मूळ पाठ शोधायला घेतला. पुढे २००५-०६मध्ये लुसियानो बेरियातुआच्या देखरेखीखाली जी आवृत्ती सिद्ध झाली, तिचा आधार होता पॅरिसच्या सिनेमातेकमधली १९२२ची रंग चढवलेली फ्रेंच प्रत.

त्या रंगांचं मोल मोठं आहे. ऑर्लोक भरदिवसा शवपेटी काखेत घेऊन रस्त्याने कसा फिरतो, असं विचारून पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी मुर्नाऊच्या हलगर्जीपणाला नावं ठेवली. हलगर्जीपणा त्याचा नव्हताच. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं बाह्यचित्रण जमत नसे. दिवसा चित्रण करून प्रतीला निळा रंग देत, आणि निळा म्हणजे रात्र हे प्रेक्षकाला ठाऊक असे. पुढे स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या नकला निघाल्या, निळा रंग गेला आणि रात्रीचा दिवस झाला.

आणखी एक गोष्ट लोक हजारो वर्षांची लोकश्रद्धा समजून चालतात : सूर्यप्रकाश पडला की रक्तपिपासू विरून जातो. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये हिंडतो. त्याला मारतात ते सुऱ्यांनी, आणि त्यातली एक तर गुरख्यांची कुकरी आहे. कोवळ्या उन्हात पिशाचाचा अंत होतो तो ‘नोस्फेरातू’मध्ये, आणि तिथूनच ही कल्पना पुढच्या चित्रपटांत रुजली. ज्या चित्रपटाला चोर ठरवून संपवायचं होतं, त्याच्याकडून पुढे सगळ्या भयपटांनी उसनवारी केली. १९७९मध्ये हर्झोगने तो नव्याने केला, २०२४मध्ये रॉबर्ट एगर्सने.

मला मात्र या सगळ्यात आपल्या चित्रपटांची आठवण होते आणि वाईट वाटतं. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ कोल्हापुरात १९२०मध्ये तयार झाला. आज त्याची प्रत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिकला लागला; त्याचीही प्रत नाही. ‘नोस्फेरातू’ नष्ट करा असा न्यायालयाचा हुकूम होता आणि तो राहिला. आपले चित्रपट नष्ट करण्याचा हुकूम कुणीही दिला नव्हता.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी १९६०च्या दशकापासून वणवण करून जे मिळवलं, त्यामुळे निदान फाळके आपल्याला थोडेतरी पाहता येतात. कुणाच्या माळ्यावर, बंद पडलेल्या थिएटरच्या अडगळीत किंवा जुन्या वितरकाच्या गोदामात आजही रिळांचे डबे असतील, तर ते भंगारात घालू नका. नायट्रेटची जुनी फिल्म पटकन पेट घेते, म्हणून स्वतः उघडून हाताळूही नका. संग्रहालयाला कळवा.