बेटावर जाताना जकात भरायची



आमच्या मंचरच्या भिशीत यंदा वेगळाच विषय निघाला. एरवी भिशीचे पैसे साठले की पालिताणा, शंखेश्वर, फार तर राणकपूर, हे ठरलेलं असतं. यावेळी सुनांच्या वयाच्या चौघीजणी म्हणाल्या, "काकू, तीर्थयात्रा दरवर्षी करतोच. यंदा समुद्र बघू. अंदमानला जाऊ."

लगेच दोन तट पडले. एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "आपलं दिशापरिमाण व्रत असतं. एवढ्या लांब बेटावर कशाला?" दुसरी म्हणाली, "समुद्रच बघायचा तर मालवण काय वाईट? होडीत बसलं की सिंधुदुर्ग किल्ला, तेही बेटच की." तिसरीचा प्रश्न खाण्याचा. सगळीकडे मासे, आपण काय खायचं? मी २०१९ च्या डिसेंबरात जाऊन आलेली, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पण मला जे सांगायचं होतं ते चहाच्या कपाबरोबर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

आधी माझं मत सांगते. जावं. साठी उलटल्यावर तर जरूर जावं, गुडघे चालताहेत तोवर. पण बेटावर जाणं म्हणजे महाबळेश्वरला जाणं नव्हे. आपण गेल्यामुळे तिथे काय राहतं आणि तिथून काय जातं, याचा हिशोब निघण्याआधी मांडावा. मी बी.कॉम. झालेली बाई, मला प्रत्येक गोष्टीत जमा-खर्च दिसतो, त्याला इलाज नाही.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

अंदमानात नील नावाचं एक लहान बेट आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून त्याचं नाव शहीद द्वीप. हॅवलॉकचं नाव तेव्हाच स्वराज द्वीप झालं. शहीद द्वीपवर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ती बघायला ओहोटीच्या वेळी जातात. पाणी मागे सरलं की खडकांच्या खळग्यांत लहान लहान डबकी उरतात आणि त्यात केवढं तरी जग असतं. रंगीत मासे, खेकडे, प्रवाळ. आमच्या वाटाड्याने दोनदा सांगितलं, "काही उचलू नका." मी मान हलवली. आणि सगळे पुढे गेल्यावर एक छानसा तपकिरी ठिपक्यांचा शंख उचलून पर्समध्ये टाकला. नातीसाठी. एका शंखाने काय होतंय, असं वाटलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पर्सला वास यायला लागला. नात आणि मी शंख उलटा करून बघितला, तर आत एक मेलेला इवलासा खेकडा. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणारे खेकडे असतात. मी उचलला तेव्हा तो भिऊन आत ओढून बसला असणार. नात सात वर्षांची. ती म्हणाली, "आजी, तू तर पीठ चाळतेस ना, किडे मरू नयेत म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात त्या जीवाला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. पण म्हणताना घसा दाटला, तो अजून आठवतो.

आपल्याला पाठशाळेत जीवविचार शिकवलाय. बेइंद्रिय जीव कोणते म्हटलं की पहिलं नाव शंखाचं, मग कवडीचं. घोकून पाठ केलेलं. पण आपल्या डोक्यात शंख म्हणजे शोकेसमधली वस्तू. आणि रिकामा शंखही कुणाचं तरी पुढचं घर असतो. हे खेकडे वाढतात तसतसा त्यांना मोठा शंख लागतो. किनाऱ्यावर तो मिळाला नाही की ते उघडे पडतात. म्हणजे "जिवंत नव्हता, रिकामाच होता" ही सबबही चालत नाही.

प्रवाळाचंही तसंच. आपल्या मंगळसूत्रात, अंगठीत पोवळं असतं, म्हणून आपण त्याला रत्न समजतो. जीवविचारात प्रवाळ पृथ्वीकायात सांगितलाय. आजचं विज्ञान म्हणतं की हजारो सूक्ष्म प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि त्यांच्या सांगाड्यांचा खडक होतो. कुठल्याही बाजूने बघा, जीव आहेच. त्यावर पाय देऊन फोटो काढला की वर्षानुवर्षं वाढलेलं एका मिनिटात मोडतं. कायद्यानेही प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. तुटून किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा आणायचा नाही.

आता कुणी म्हणेल, एवढी बंधनं असतील तर जायचंच कशाला? याचं उत्तर मला आपल्या जुन्नरातच सापडलं.

नाणेघाट तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल या घाटाने वर चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावर तो मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकायचे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. वाट वापरायची तर वाटेचं देणं द्यायचं, हा त्या रांजणाचा साधा अर्थ. आज पावसाळ्यातल्या रविवारी त्याच रांजणाजवळ काय दिसतं? वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, मोठ्याने लावलेली गाणी. माळशेजच्या धबधब्यांपाशी तेच. काजव्यांच्या दिवसांत आहुप्याच्या बाजूला गाड्यांचे दिवे इतके, की काजवे दिसावेत कसे? आपण तेव्हा किती चिडतो! "पुण्या-मुंबईची माणसं येतात, घाण करून जातात, आपल्या गावाला काही देत नाहीत." हे वाक्य मी स्वतः शंभरदा म्हटलंय.

आणि अंदमानला गेल्यावर मी तीच पाहुणी झाले होते. फक्त गाडीऐवजी विमानाने गेलेली.

बेटाची अडचण आपल्या गावापेक्षा मोठी असते. आपल्याकडे कमी पडलं तर मंचरच्या बाजारात मिळतं, नारायणगावात मिळतं. लहान बेटावर गॅसचं सिलेंडर, तांदूळ, सिमेंट सगळं बोटीने येतं. कचरा बाहेर काढायचा तर तोही बोटीनेच. नाहीतर तो तिथेच राहतो. लक्षद्वीपचं बघा. २०२४ च्या जानेवारीत टीव्हीवर फोटो आले आणि आमच्या भिशीतही लक्षद्वीप, लक्षद्वीप सुरू झालं. सगळी बेटं मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, वस्ती फक्त दहा बेटांवर. आपल्या दोन-तीन गावांच्या शिवारात मावेल एवढंच. तिथे नदी नाही, ओढा नाही. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं, तेच विहिरीत. जास्त उपसलं की खारं झालं. म्हणून कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प चालवावा लागतोय. अशा ठिकाणी आपण दिवसातून दोनदा शॉवर घ्यायचा का, हा प्रश्न हॉटेलच्या बिलाचा राहत नाही.

मी एक साधा हिशोब मांडला. आमच्या भिशीत अठरा जणी. प्रत्येकीला दिवसाला पाण्याच्या तीन बाटल्या, मुक्काम पाच दिवस. २७० बाटल्या. एका भिशीच्या! त्या बेटावरच ठेवून आपण "किती स्वच्छ समुद्र आहे" म्हणत परत येणार. खरं तर आपल्यातल्या कितीतरी जणी उकळलेलंच पाणी पितात. स्टीलची बाटली न्यायची, हॉटेलात सकाळी पाणी उकळून मागायचं, कुणी नाही म्हणत नाही. आमच्या गटातल्या दोघींनी तेच केलं होतं. आमच्या बाटल्यांचा ढीग झाला, त्यांची एकही नव्हती.

आता खाण्याचं. घाबरू नका. शहीद द्वीपवर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची वस्ती आहे. ही मंडळी शेतकरी, अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून त्याची ओळख. भोपळा, दोडका, केळी, शहाळी भरपूर. कांदा, लसूण, बटाटा नको म्हणून आधी सांगितलं की डाळभात-भाजी मिळते. हिंदी सगळ्यांना येतं. एकच गोष्ट लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच, पण बेटं पूर्वेला इतकी लांब की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार असेल तर चारला ताटावर बसायची तयारी ठेवा. सकाळी मात्र साडेसहापर्यंत नवकारशी येते.

खाण्याबाबत माझं एक मत काही जणींना आवडणार नाही. बरोबर महाराज, इथूनच नेलेलं पीठ, तूप, खाकरे, फरसाण, सगळं बांधून नेणाऱ्या सहली असतात. सोय मोठी, मान्य. पण मग त्या बेटाच्या खात्यात काय जमा झालं? आपण त्यांचं काहीच घेतलं नाही, फक्त रॅपर ठेवून आलो. अडीअडचणीला चार खाकरे न्यावेत. बाकी शहाळं तिथल्या बाईकडून घ्या, केळी तिथली खा, राहायला मिळालं तर तिथल्या कुटुंबाच्या घरी राहा. तीन भाषा एका घरात बोलणारी ती माणसं आहेत, बंगाली, तमिळ, रांचीकडून आलेली. त्यांच्याशी बोलण्यात जी मजा आहे ती कुठल्याही बीचवर नाही.

पण माणसं भेटणं वेगळं आणि माणसं बघणं वेगळं. बाराटांगला चुनखडीच्या गुहा आहेत. तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २०११ च्या जनगणनेत जारवा अवघे ३८० होते. आपले साधे आजारही त्यांना झेपत नाहीत. म्हणून गाड्या पोलिसांच्या देखरेखीत एकामागे एक जातात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. तरी आमच्या गाडीत सगळे खिडक्यांना नाक लावून बसले होते. एकीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. गुहांचं नाव कुणी घेतलं नाही, "दिसले का, दिसले का" एवढंच. त्या पुड्याची मला आजही लाज वाटते. आपल्या डोंगरातल्या महादेव कोळी बायांचा पाणी भरताना कुणी न विचारता फोटो काढला तर आपल्याला राग येतो. मग इथे काय झालं? माझं सांगणं, त्या रस्त्याने जाऊच नका. एक गुहा कमी बघितली तर बिघडत नाही. लेणी तर आपल्या जुन्नरात मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

सेल्युलर जेल मात्र चुकवू नका. बाबाराव आणि तात्याराव, दोघे सावरकर बंधू तिथे होते. माणसाला बैलासारखं जुंपून तेल काढायला लावायचे, तो कोलू बघून आमचा सगळा गट गप्प झाला. तिथे उभी असताना माझ्या मनात आलं, या बेटांवर बाहेरच्यांनी कायम नको असलेलं आणून टाकलं. इंग्रजांनी माणसं टाकली. आपण बाटल्या टाकतो.

मग करायचं काय? प्रशांत महासागरात पलाऊ नावाचा छोटा देश आहे. २०१७ पासून तिथे पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवतात आणि उतरण्याआधी तिच्यावर सही करावी लागते, की मी या बेटाला इजा करणार नाही. प्रतिज्ञा कुणाला उद्देशून? तिथल्या मुलांना. मला वाचल्यावर हसू आलं. हे तर आपलं पच्चक्खाण! थायलंडने माया बे हा किनारा २०१८ मध्ये बंद केला, कारण पर्यटकांच्या बोटींनी प्रवाळ मोडले. तो पुन्हा उघडायला २०२२ उजाडलं. मोडल्यावर दार लावण्यापेक्षा आधी पच्चक्खाण घेतलेलं बरं.

त्या काकूंचा आक्षेपही मला यातच सुटलेला दिसतो. दिशापरिमाण व्रत घरात बसा म्हणत नाही, हद्द आधी ठरवा म्हणतं. आणि आठवं व्रत, अनर्थदंड विरमण, विनाकारण हिंसा टाळायची. शंख उचलणं, प्रवाळावर उभं राहणं, गंमत म्हणून माशांना ब्रेड टाकणं, याहून विनाकारण दुसरं काय असतं? आपल्या आज्या "जयणा ठेव" म्हणायच्या. चूल पेटवताना, पाणी गाळताना. तीच जयणा विमानातून उतरताना पर्समध्ये ठेवायची.

आमच्या भिशीत मी चार गोष्टी ठेवल्या आहेत. स्टीलची बाटली प्रत्येकीची. इथून नेलेलं प्रत्येक रॅपर मंचरला परत आणायचं. किनाऱ्यावरून काहीही आणायचं नाही, वाळूही नाही. आणि प्रत्येकीने पाचशे रुपये वेगळे ठेवायचे, ते फक्त बेटावरच्या माणसांकडून शहाळी, फळं, खाणं घेण्यासाठी. त्याला आम्ही नाव दिलंय जकात. चौघी तयार आहेत, काकू विचार करताहेत, दोघी म्हणाल्या, "सहलीला जायचं की शिबिराला?" त्यांनाही बरोबर घेऊनच जाऊ.

तो शंख मी फेकला नाही. धुऊन माझ्या पूजेच्या कपाटाबाहेर, पीठ चाळायच्या चाळणीशेजारी ठेवलाय. परत जाईन तेव्हा लक्ष्मणपूरच्या त्याच डबक्यात ठेवून येईन. कुणाला तरी घर लागेल.

तुमच्या भिशीत काय ठरलं, ते जरूर कळवा.