कर्ज देशाचे, कात्री मुलांच्या स्कॉलरशिपला

केंद्र सरकारला कर्जाचा बोजा कमी करायचा आहे, आणि ही गोष्ट चुकीची नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 50 लाख 65 हजार कोटी रुपये धरला आहे. त्यातले 12 लाख 76 हजार कोटी फक्त कर्जाच्या व्याजात जाणार. म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयातले चार आणे व्याजाचे, मुद्दल वेगळेच. 2024-25 मध्ये जीडीपीच्या 57 टक्क्यांच्या आसपास असलेले हे कर्ज मार्च 2031 पर्यंत 50 टक्क्यांच्या जवळ आणायचे ठरले आहे. आपल्या दीनमध्येही कर्ज ही जड जबाबदारी मानली आहे आणि फुजूलखर्चीला मनाई आहे. सरकारने हात आखडता घेतला तर आपण नाराज होण्याचे कारण नाही.

प्रश्न एवढाच, की कात्री लावली कुठे?

अल्पसंख्याक मंत्रालयासाठी 2022-23 मध्ये 5,020 कोटींची तरतूद होती. पुढच्याच वर्षी ती 3,097 कोटींवर आली. 2024-25 मध्ये 3,183 कोटी जाहीर झाले, पण सुधारित अंदाजात आकडा 1,868 कोटी झाला. जाहीर झालेला आकडा पेपरात छापून येतो, कमी झालेला सहसा कोणी वाचत नाही.

यातून किती बचत झाली? 1,315 कोटी. रक्कम मोठी वाटते, पण आता हिशेब करा. वर्षाचे व्याज 12 लाख 76 हजार कोटी, म्हणजे दिवसाला साधारण 3,500 कोटी. या बचतीतून देशाचे जेमतेम नऊ तासांचे व्याज भागते!

गेले काय ते पाहा. नोव्हेंबर 2022 मध्ये पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप बंद झाली. कारण दिले की आठवीपर्यंतचे शिक्षण आरटीई कायद्याने मोफतच आहे. पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट होत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला 1,000 रुपये मिळायचे. वह्या, चपला, दप्तर यात ते जायचे. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या घरात ही रक्कम छोटी नसते. त्याच वर्षी पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. 2023 मध्ये मंत्रालयाच्या तपासणीत 1,572 पैकी 830 संस्था बोगस किंवा बंद निघाल्या आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. मुलांच्या हक्काचा पैसा खाणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, मग ते आपल्यातले का असेनात. पण पहिली ते आठवीची योजना त्याआधीच बंद झाली होती. आणि चोर सापडला म्हणून शाळेलाच कुलूप लावायचे, हा न्याय नव्हे.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 टक्के केला. त्यामुळे वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. तूट खर्च कमी करून जशी घटते, तशी उत्पन्न न सोडताही घटते. पण पगार, पेन्शन, व्याज यांना हात लावता येत नाही आणि मोठ्यांना दुखवायचे नसते. मग जिथून आवाज येत नाही तिथे कात्री चालते.

म्हणून आवाज हवा, तोही आकड्यांचा. दर वर्षी 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. आपल्या खासदारांना तीन गोष्टी विचारा: मागच्या वर्षी किती जाहीर झाले, प्रत्यक्षात खर्च किती झाले, आणि ते कोणत्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोहोचले? मोहल्ला कमिटीने आणि शाळेच्या पालक सभेने हे लेखी विचारावे. हे प्रश्न कोणत्याही पक्षाविरुद्ध नाहीत. खजिना ही जनतेची अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागणे हा आपला हक आहे.

कर्ज फेडायलाच हवे. पण उद्या ते आजच्या मुलांनाच कमावून फेडायचे आहे. त्यांची तालीम तोडून बोजा हलका होणार नाही.