कोलंबसचा पुतळा आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या

मुंबईच्या अंडरवर्ल्डवर नवी वेब सीरिज आली की आपल्या घरांत तेच बोलणं सुरू होतं. परत आपलीच नावं, परत डोळ्यांत सुरमा, परत पार्श्वभूमीला अजान आणि लगेच गोळीबार. २०२३ मध्ये 'बंबई मेरी जान' आली तेव्हाही हेच. बाप इमानदार पोलीस, मुलगा डॉन. नावं बदललेली होती, पण कोकणातल्या आपल्या लोकांना ही कहाणी कुणाच्या घरची, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

तक्रार खरीच आहे. पण पुरी आहे का? इथे मला 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेचा एक भाग आठवतो. मालिका न्यू जर्सीतल्या इटालियन माफियाची. चौथ्या सीझनचा तिसरा भाग, नाव 'क्रिस्टोफर', सप्टेंबर २००२ चा.

अमेरिकेतले मूळ आदिवासी कोलंबस दिनाविरुद्ध निदर्शनं करणार असतात. टोनी सोप्रानोचा उजवा हात सिल्व्हियो भडकतो, 'हा आमच्या कौमचा अपमान!' आणि माणसं घेऊन राडा करतो. ज्यांचा धंदाच खंडणीचा, ते कौमच्या इज्जतीचे पहारेकरी. हसू येतं, पण थोडं टोचतंही.

खरी टोचणी पुढे आहे. चर्चमध्ये बायकांचं जेवण असतं. पाहुण्या म्हणून बोलावलेल्या प्राध्यापक बाई सांगतात की बहुसंख्य इटालियन लोक मेहनतीचे, कायदा पाळणारे आहेत, मूठभर गुंडांमुळे सगळे बदनाम होतात. भाषणात चूक काहीच नाही. मात्र समोर बसल्यात त्याच गुंडांच्या बायका. बाकीच्या बायका हळूच कार्मेला सोप्रानोकडे बघू लागतात. नंतर सिल्व्हियोची बायको फादरला गाठते आणि सुनावते, कार्मेलाने या चर्चसाठी इतकं केलं, आणि तुम्ही तिलाच खाली बघायला लावलंत? फादरकडे धड उत्तर नसतं. चंदा घेताना पैसा कुठून आला हे त्याने विचारलेलंच नव्हतं.

पडद्याबाहेरही तेव्हा हेच चालू होतं. न्यू जर्सीतल्या एका काउंटीच्या प्रमुखाने या मालिकेला सरकारी जागेत शूटिंग नाकारलं होतं, कारण इटालियनांची बदनामी होते. पुढे तोच प्रमुख भ्रष्टाचाराच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला! त्याआधी १९७० मध्ये इटालियनांच्या हक्कांसाठी मोठी संघटना काढली, ती जोसेफ कोलंबोने. हा स्वतः माफिया टोळीचा प्रमुख. 'गॉडफादर' सिनेमातून 'माफिया' हा शब्द गाळायला लावला, तो याच संघटनेने. सिनेमातून शब्द गेला, गल्लीतून टोळी गेली नाही. १९७१ मध्ये संघटनेच्याच सभेत कोलंबोवर गोळ्या झाडल्या गेल्या.

म्हणून बदनामीची तक्रार खोटी ठरते, असं मुळीच नाही. न्यू ऑर्लिन्सला पोलीस प्रमुखाचा खून झाला, त्यानंतर १८९१ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना ठार मारलं. त्यांतले काही तर कोर्टातून निर्दोष सुटलेले होते. संशय आडनावावर बसला की काय होतं, हे आपल्याला शिकवायला नको. भाड्याचं घर बघायला गेल्यावर नाव सांगताच दलालाचा आवाज बदलतो, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांचा. सीरिजवाल्यांना जाब विचारायलाच हवा. डॉनच्या मोहल्ल्यातला मास्तर, नर्स, बँकेतला क्लार्क त्यांना कधीच का दिसत नाही?

फक्त तो जाब कोण विचारतो, यावर बरंच अवलंबून आहे. आपल्या जलशांत, सामूहिक निकाहांत, शाळेच्या इमारतीच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत कोण बसतं? पावती फाडताना रक्कम बघतो तितक्या बारकाईने आपण माणूस बघतो का? स्टेजवरून ज्याला 'कौमचे हमदर्द' म्हणून शाल घातली जाते, त्याच्या धंद्याबद्दल त्याच मंडपात मागच्या खुर्च्यांवर लोक कुजबुजत असतात, आणि आपली पोरं दोन्ही ऐकत असतात.

त्या भागाच्या शेवटी गाडीत सिल्व्हियोची कुरकुर चालूच असते. वैतागून टोनी त्याला विचारतो, तुझ्याकडे जे आहे ते तू इटालियन आहेस म्हणून मिळालं का? की तुझ्या अकलेने? असं विचारणारा टोनी स्वतः कसा कमावतो, ते बघणाऱ्याला ठाऊक असतंच.