कॅन्सरनंतरची शस्त्रक्रिया म्हणजे फेशियल नव्हे!



गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत लग्नसराईनिमित्त बोटॉक्स आणि फिलरवर पानभर रंगीत मजकूर होता. ज्याला हौस आहे त्याने कपाळावरच्या आठ्या खुशाल घालवाव्यात. चेहरा त्याचा, पैसेही त्याचे. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी विमा कंपनीचा मेल येऊन धडकला. माझ्या धाकट्या जावेच्या स्तनाची पुनर्रचना ही म्हणे ‘कॉस्मेटिक प्रक्रिया’ आहे, सबब खर्च मिळणार नाही!

जावेचा एक स्तन कर्करोगामुळे काढावा लागला. पुढे किरणोपचार द्यायचे होते, म्हणून पुनर्रचना नंतर करू, असं डॉक्टरच म्हणाले. पोटाची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट काढून छातीवर जोडायची, असं हे तासन्‌तास चालणारं ऑपरेशन. दीर चाकणच्या कारखान्यात आहेत, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचे पैसे विनातक्रार मिळाले. या वेळी अर्जावर ‘प्लास्टिक सर्जन’ हे दोन शब्द दिसले आणि फाइल परत आली. गेलं वर्षभर ती ब्लाउजच्या एका बाजूला रुमालाची घडी सारून कामावर जाते आहे. यात कसली आली हौस?

नियम तरी काय सांगतो? विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळता येईल, याची एकसारखी कलमं सगळ्या कंपन्यांना ठरवून दिली. प्लास्टिक सर्जरी वगळणारं कलम त्यात आहेच, पण अपवादही त्याच कलमात आहे: अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना. जावेच्या पॉलिसीतही ते जसंच्या तसं छापलेलं आहे. मी पेनाने खूण करून दिरांच्या हातात दिलं. छापलेलं वाचता येत नसेल तर दावे तपासायला माणसं कशाला बसवली आहेत? प्राधिकरणाच्याच २०२४ च्या परिपत्रकानुसार दावे तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही आणि फेटाळला तर नेमकी अट दाखवावी लागते. आमच्या मेलमध्ये ना समिती, ना अट. खाली ‘ही संगणकीय सूचना आहे, सहीची गरज नाही’ एवढंच.

सरकारही यात मागे नाही. जीएसटीच्या करमाफीसाठी आरोग्यसेवेची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून प्लास्टिक सर्जरी वगळली आहे. तिथले अपवाद कोणते? जन्मजात व्यंग, वाढीतले दोष, इजा आणि आघात. कर्करोगाचा उल्लेखच नाही. देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, आणि व्याख्या लिहिणाऱ्यांना त्यांच्यापैकी एकही आठवली नाही! अमेरिकेत स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याने पुनर्रचनेचाही खर्च दिलाच पाहिजे, असा कायदा १९९८ पासून आहे.

आणि हे घडतंय कुठे, तर पुण्याच्या पंचक्रोशीत. इंग्रजी फौजेतला मराठा गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत पडला, तिथे त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकीकत छापली, तीही संपादकांना आलेलं पत्र म्हणून. ती वाचून तिकडचे सर्जन कामाला लागले. कावसजीची फाइल आज कुणाच्या टेबलावर गेली असती तर त्यालाही ‘कॉस्मेटिक’ म्हणून परत पाठवलं असतं.

जाता जाता आणखी एक. पुनावळ्याच्या अंडरपासपाशी रोज इतका वेळ अडकावं लागतं की फलक वाचायला भरपूर सवड मिळते. ‘ओठांच्या फिलरवर सवलत’ ठळक अक्षरांत, पण डॉक्टरचं नाव नाही की नोंदणी क्रमांक नाही. डॉक्टरांनी अशी जाहिरातबाजी करू नये, असं २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता सांगते. एप्रिल २०२३ मध्ये इथून जवळच किवळ्यात होर्डिंग कोसळून ५ जणांचा जीव गेला, तरी महापालिकेला ना सांगाडे दिसतात, ना त्यांवरचा मजकूर.

जावेच्या दाव्याबद्दल दिरांनी विमा कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जाऊ. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. ज्यांना असाच नकार आला असेल त्यांनीही गप्प बसू नये. चाकण, भोसरी, हिंजवडीच्या कंपन्यांच्या एचआरने पुढच्या वर्षीचा विमा घेताना कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेबद्दल कंपनीकडून लेखी हमी घ्यावी; हप्ता कापता तेव्हा एवढं तर करा. आणि संपादक महाशय, फिलरला पानभर जागा मिळते, तर विम्याचं हे कलम चौकटीत छापायला काय हरकत आहे?

– एक वाचक, पुनावळे
(कृपया नाव छापू नये.)