रोहण्याची रेल्वे परत हवी

पुलगाव–आर्वी हा सुमारे 35 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग ब्रिटिश कंपनीने कापूस वाहण्यासाठी टाकला. रोहणा त्यावरचेच स्थानक. ती गाडी बंद पडली. आता शेजारच्या विरूळहून समृद्धी महामार्गावर चढता येते. हा 701 किलोमीटरचा रस्ता वेगवान खरा, पण दुचाकी आणि ऑटोरिक्षांना तिथे मज्जाव आहे. ज्याच्या दारात मोटार नाही, त्या शेतमजुराला सेवाग्रामच्या दवाखान्यात जायला त्याचा काय उपयोग? जुनी गाडी फार रेंगाळायची, हा आक्षेप रास्तच. मात्र तो दोष अरुंद, दुर्लक्षित रुळांचा होता, रेल्वेचा नव्हे. ब्रॉडगेज झाल्यास पुलगावला हा मार्ग मुंबई–हावडा मुख्य मार्गाशी थेट जोडला जाईल. खर्च मोठा आहे. महामार्गाच्या वेळी तो अडसर ठरला नव्हता.